मालकांचा रकाना

पत्र काल आलं होतं. भांडण आज झालं, कारण काल ते पत्र कुणाला धड कळलंच नव्हतं. विमा कंपनीचं लिहिणंच तसं. ‘सदर व्यक्ती आस्थापनेची भागीदार असल्याने कामगार या व्याख्येत बसत नाही, सबब नुकसानभरपाईचा दावा ग्राह्य धरता येत नाही. अंतिम निर्णयापूर्वी आमच्या प्रतिनिधी बुधवारी दुपारी चार वाजता जबाब घेतील.’ धाकटीनं, म्हणजे घरातल्या धाकट्या सुनेनं, ते तीनदा वाचलं. नवऱ्याची दोन बोटं गेली, तिसरं वाकत नाही, मनगटात पट्टी आणि चार स्क्रू, आणि हे लोक म्हणतात माणूस व्याख्येत बसत नाही! मग बसतो तरी कुठे? शेवटी ‘टायपिंगची चूक असणार’ असं म्हणून तिनं पत्र घडी करून ठेवलं होतं.

चूक नव्हती. हे घरात फक्त दोघांना माहीत होतं, दादाला आणि वहिनीला, आणि ती दोघं नवराबायको कालपासून एकमेकांकडे बघायचं टाळत होती.

आज बुधवारी तीन वाजता सगळे दुकानामागच्या ऑफिसात जमले. ऑफिस म्हणजे काय, एक टेबल, दोन कपाटं, बाकी सगळी जागा वायरच्या रिळांनी खाल्लेली. एकुलती एक धड खुर्ची आक्कानं पटकावली होती. आक्का म्हणजे सगळ्यांत थोरली बहीण. पस्तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाली, तरी आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. तिला दादानंच मुद्दाम बोलावून घेतलं होतं. टेस्टर दुसऱ्या कुणाचं नाही, तरी आक्काचं ऐकतो.

टेस्टर हा धाकटा भाऊ, धाकटीचा नवरा. वायरिंगचा धंदा वडिलांचा, नानांचा. लहानपणी नाना त्याला कामावर न्यायचे आणि उघड्या तारेसमोर उभं करून म्हणायचे, “बघ रे, आहे का करंट?” आणि हा हाताची उलटी बाजू लावून बघायचा. उलटीच, कारण झटका बसला तर मूठ आवळत नाही, हात मागे येतो. नानांना याचं केवढं कौतुक! नाव पडलं ते पडलंच. आता अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तो वायरच्या रिळावर बसला होता, उजवा हात बँडेजमध्ये, मांडीवर ठेवलेला.

“मार्ग आहे,” दादा म्हणाला. “मी वकिलाशी बोललोय.”

“बोल.”

“तू भागीदार आहेस म्हणून अडलंय ना? तर आपण असं दाखवायचं, की भागीदारी आधीच मोडली होती. अपघाताच्या दोन महिने आधी. म्हणजे त्या दिवशी तू पॅनेलवर होतास तो पगारी कामगार म्हणून. कामगार म्हटला की विमा लागू. दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च, वर्षाचा पगार, बोटांची भरपाई, सगळं मिळतं.”

“आणि खरी भागीदारी?”

दादानं टेबलावरचं स्टेपलर उचलून सरळ ठेवलं. “कागदावर मोडली म्हणजे मोडली. ती विम्याची बाई फाईल कधीही पुन्हा उघडू शकते, म्हणून लगेच परत करता येणार नाही. पण आपल्यात काय फरक पडतो रे? भाऊ तो भाऊच.”

“बाहेर बोर्डावर ‘आणि बंधू’ लिहिलंय,” धाकटी म्हणाली. “ते पुसायचं?”

“बोर्डाचं काय घेऊन बसलीस?” आक्का कडाडली. “हात मोठा की बोर्ड मोठा? महिन्याभरात दुसरं ऑपरेशन झालं नाही तर मनगट असंच राहणार म्हणाले ना डॉक्टर? मग सही करायची आणि मोकळं व्हायचं.”

दादाला बरं वाटलं. आक्का रुळावर होती. तो काही राक्षस नव्हता, हेही सांगायला हवं. सहा आठवडे तो रोज हॉस्पिटलात गेला होता. शीतगृहाच्या त्या पॅनेलमध्ये पलीकडून कुणीतरी लाईन चालू केली, भडका उडाला आणि भाऊ बारा फुटांवरून फरशीवर आला, तेव्हा त्याला गाडीत घालून नेणारा दादाच होता. शर्टावरचे डाग गेले नाहीत, तरी त्यानं तो शर्ट टाकून दिला नव्हता, कपाटात तसाच कोंबला होता. पण बँडेज बदलायच्या वेळी तो दर वेळी काहीतरी निमित्त काढून बाहेर जायचा.

आणि धंद्याचं काय सांगावं? मोठ्या साईटच्या गेटवर वॉचमन नाव नंतर विचारतो, आधी कामगार विम्याचं सर्टिफिकेट मागतो. ते नसेल तर गाडीतून पक्कडसुद्धा उतरवू देत नाहीत. बरं, काढावं, तर हप्ता कसला म्हणता! दर कामाप्रमाणे. टेबलावर बसणाऱ्याच्या पगाराच्या शंभरामागे अर्धा, आणि शिडीवर चढून पॅनेल उघडणाऱ्याच्या शंभरामागे नऊ, एखादा अपघात झाला की चौदा. मोठ्या कंपन्यांना सवलत मिळते, कारण त्यांची हजार माणसं. एकदम भुरटे असतात ते विमाच काढत नाहीत आणि कुणाचं डोकं फुटलं की फोन बंद करून बसतात. मध्ये भरडले जातात ते यांच्यासारखे, सहा माणसांचे. हे टक्के धरून भाव द्या, काम जातं. न धरता द्या, नफा जातो. दादा हे गेली वीस वर्षं ज्याला त्याला सांगत आला होता, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

खोटं त्यानं यानंतर सांगितलं.

“करतो सही,” टेस्टर म्हणाला. “पण मला आधी एक सांग, दादा. मालकाला विमा घेताच येत नाही?”

“नाही.” दादानं पुन्हा स्टेपलर हलवलं. “कायदाच तसा आहे. विमा कामगारांचा. मालकानं आपलं आपण बघायचं.”

“म्हणजे तुझाही नाही?”

“माझाही नाही.”

वहिनी कपाटाशी उभी होती. तिनं फाईल दुसऱ्या हातात घेतली.

*

धाकटी त्या वेळी भिंतीवरच्या फोटोकडे बघत होती. फोटोत दोघे भाऊ याच टेबलाशी बसून करारावर सही करताहेत. टेस्टरच्या अंगात निळा शर्ट. तो शर्ट तिनं आणला होता, तीन दुकानं पालथी घालून.

नऊ वर्षं झाली त्याला. त्याआधी तिचा नवरा वडिलांच्या धंद्यात भावाचा पगारी माणूस होता. शनिवारी इतर कामगारांच्या रांगेत उभा राहून पाकीट घ्यायचा, वर हसायचा. तिला ते डोळ्यांत खुपायचं. “नाना काय फक्त मोठ्या भावजींचे होते का?” हे तिनं किती वेळा ऐकवलं असेल! पडदे शिवता शिवता मशीनवर बसून ऐकवलं, जेवताना ऐकवलं, शेवटी जाऊबाईंना तोंडावर ऐकवलं आणि चार महिने अबोला धरला. मग एके दिवशी अचानक मोठे भावजी आपण होऊन घरी आले. म्हणाले, उद्या दोघं ऑफिसात या, अर्धी भागी करून टाकू.

काय जिंकल्यासारखं वाटलं होतं तिला! आयुष्यात एवढी एकच लढाई ती जिंकली होती. दुसऱ्या दिवशी करार झाला, फोटो झाला, आणि तिनं भर ऑफिसात जाऊबाईंना मिठी मारली. “मला वाटलं नव्हतं तुम्ही एवढं मोठं मन कराल,” असं म्हणाली होती. जाऊबाई नुसत्या हसल्या होत्या.

आणि आज त्याच भागीदारीनं नवऱ्याला व्याख्येबाहेर बसवलं. साधा पगारी राहिला असता तर विमा होता. म्हणजे आपणच भांडून भांडून त्याचा विमा घालवला की काय? हा विचार तिला सकाळी आला होता.

“सही करा,” ती नवऱ्याला म्हणाली. “नको ती भागी. मी मागितली होती ना, मीच म्हणते नको.”

“तुझा काय दोष त्यात?”

“करा म्हणते ना!”

दादानं घाईघाईनं कागद पुढे सरकवला. टेस्टरनं डाव्या हातात पेन धरलं. सहा आठवड्यांत त्याला डाव्या हातानं चमचा धरता यायला लागला होता, सही अजून नाही. पहिलं अक्षर काढताना टोक कागदात घुसलं आणि कागद फाटला.

“दुसरी प्रत आहे,” दादा म्हणाला. “आहे ना गं?”

वहिनीनं फाईल उघडली.

*

ही फाईल तिची. बारीक अक्षर, रंगीत खुणा, वर्षावार कप्पे. कामगारांपासून वकिलापर्यंत सगळे तिला वहिनीच म्हणत, आणि अडलं की तिच्याकडेच येत. दादा भाव ठरवायचा, पण तो परवडतो की नाही हे वहिनी ठरवायची. ‘परवडत नाही’ हे तिचे दोन शब्द या खोलीत किती कामं आणि किती माणसं घालवून बसले होते, त्याची गणती नाही. पण दुकान उभं होतं तेही त्याच दोन शब्दांवर, हे ती कुणालाही सुनवायला कमी करायची नाही.

नऊ वर्षांपूर्वी एक मदतनीस परांचीवरून पडला. खुबा मोडला. कंपनीनं त्याची भरपाई दिली आणि पुढच्या तीन वर्षांसाठी यांचा दर नऊवरून चौदावर नेऊन ठेवला. वहिनीनं दोन माणसं कमी केली, तरी जमेना. तेव्हा एजंट म्हणाला होता, “घरातलं कुणी पगारावर आहे का? त्याला भागीदार करून टाका. मालक विम्यात नाही धरला तरी चालतो. सगळ्यांत महाग माणूस यादीतून जातो.”

सगळ्यांत महाग माणूस म्हणजे टेस्टर. लायसन्स दोघा भावांनाच, पण चालू पॅनेलवर जायचा तो एकटा. दादाचे गुडघे केव्हाच गेले होते.

धाकटीच्या अबोल्याला चार महिने झाले होते, आणि तोवर वहिनीनं भागी द्यायला ठाम नकार दिला होता. त्या दिवशी तिनंच नवऱ्याला सांगितलं, “द्या त्यांना अर्धी भागी. त्यांचंही मन राहील.” धाकटीनं मिठी मारली तेव्हा खरं सांगून टाकावं असं तिला वाटलं होतं. पण सांगायचं काय? तुझ्या नवऱ्याचा मान म्हणजे माझ्या हप्त्यातली बचत? गप्प बसणं सोपं होतं, ती गप्प बसली.

तेवढ्यावर राहिलं असतं तर तिनं आज ही फाईल एवढी जपून धरली नसती. पण अर्जात खाली मालकांचा म्हणून एक रकाना होता. दोन ओळी. प्रत्येक भागीदारापुढे लिहिलेलं, ‘विमा संरक्षण हवे? हो / नाही.’ तिनं दरपत्रक उघडून बघितलं. टेस्टरचे चौदा. दादाचे अर्धा, कारण तो ऑफिसात बसतो. चौदापुढे तिनं ‘नाही’वर खूण केली. आणि अर्ध्याचं काय एवढं, म्हणून दादापुढे ‘हो’वर केली. पुढच्या वर्षी जरा सावरलं की भावजींचाही घेऊ, असं मनाशी म्हणाली. दुसऱ्या वर्षीही म्हणाली. नंतर जुना अर्ज समोर ठेवून नवा उतरवताना ती काही म्हणेनाशीच झाली. असे नऊ अर्ज या फाईलमध्ये ओळीनं लावलेले होते.

तिनं दुसरी प्रत काढून नवऱ्याच्या हातात दिली आणि फाईल घट्ट मिटली. तेवढ्यात दुकानाच्या दाराची घंटा वाजली.

“चार वाजायला वीस मिनिटं आहेत,” दादा पुटपुटला. “एवढ्या लवकर?”

*

विमा कंपनीची बाई पस्तिशीची होती, आणि तिला भयंकर सर्दी झाली होती. टेस्टरला तिचा राग यायला हवा होता, पण ती आल्या आल्या चार शिंका देऊन सगळ्यांची माफी मागू लागली, तेव्हा तो रिळावरून उठून तिला जागा करून देऊ लागला. आक्कानं नाइलाजानं खुर्ची सोडली.

“जबाब छोटाच आहे,” ती नाक पुसत म्हणाली. “अपघात खरा आहे, त्याबद्दल कुणाला शंका नाही. हॉस्पिटलचे कागद मी बघितलेत. प्रश्न एवढाच, की त्या दिवशी तुम्ही कोण होतात.”

“त्याच संदर्भात एक कागद आहे,” दादा लगबगीनं म्हणाला. “त्यावर सही व्हायची... म्हणजे, सापडायचा होता.”

“द्या ना. सगळं घेते मी.” तिनं आपल्या बॅगेतून कागदांचा गठ्ठा काढला. “माझ्याकडे तुमचा अर्ज आहे, चालू वर्षाचा. यात भागीदार दोन दाखवलेत. एकाचा विमा घेतलाय, एकाचा नाही.”

वहिनीचा हात फाईलवर गेला.

“काय म्हणालात?” टेस्टरनं विचारलं.

“भागीदारांचा विमा सक्तीचा नसतो. मागितला तर मिळतो.” तिनं कागद त्याच्याकडे फिरवला आणि बोट ठेवलं. “ही पहिली ओळ, मोठ्या भावांची. हो. ही तुमची. नाही. तुमचं ‘हो’ असतं तर मी आज आलेच नसते, एव्हाना पैसे मिळाले असते तुम्हाला.”

ती हे सहज म्हणाली. तिला काय ठाऊक, पाच मिनिटांपूर्वी या खोलीत काय बोलणं झालं होतं!

टेस्टरनं अर्ज वाचला. अक्षर ओळखीचं होतं. गेली कित्येक वर्षं त्याच्या डब्यावर, औजारांच्या पेटीवर, साईटच्या चिठ्ठ्यांवर तेच बारीक अक्षर असायचं, आणि त्याला ते फार आवडायचं. खाली दोन सह्या होत्या. एक दादाची, एक त्याची. दर वर्षी वहिनी कामावर निघायच्या गडबडीत कागद पुढे धरायची आणि तो गाडीच्या बॉनेटवर ठेवून सही करायचा. कधी वाचला होता? वहिनीचा कागद, तो काय वाचायचा?

“माझाही नाही, म्हणालास,” तो दादाला म्हणाला. आवाज चढला नव्हता. “आत्ता. याच टेबलाशी.”

“अरे, ते वेगळं...”

“ऑफिसात बसणाऱ्याचा विमा काढला,” धाकटी उठून उभी राहिली, “आणि बारा फुटांवर चढणाऱ्याचा नाही? जाऊबाई, अहो, कुणाचं काय पडलंय तुम्हाला?” तिचा आवाज फुटला. “मी तुम्हाला मिठी मारली होती हो!”

वहिनी कपाटाकडे वळली.

बाईनं सगळ्यांकडे आळीपाळीनं बघितलं आणि पेनाचं टोपण काढलं. असल्या खोल्यांत तिची रोजची ये-जा असणार. “मी प्रश्न विचारते, तुम्ही उत्तर द्या,” ती टेस्टरला म्हणाली, जरा मऊपणानं. “जे सांगाल ते लिहीन. अपघाताच्या दिवशी तुम्ही या फर्मचे कामगार होतात, की मालक?”

दादाच्या हातात तो कागद होता. त्यानं तो टेबलाच्या कडेनं भावाकडे सरकवला. आक्का हळूच म्हणाली, “बाळा, हाताचा विचार कर.” धाकटीही, एवढी संतापलेली, पण तिनंही मान हलवली. करा सही. पैसे हवेत. भांडू नंतर.

टेस्टर विचार करत होता, पण हाताचा नाही. कामगार म्हटलं तर हाताला पैसे मिळतील, आणि दोन बोटं कमी असलेल्या वायरमनला पुन्हा कोण ठेवतो? दादानं ठेवलं तर ठेवलं. शनिवारच्या रांगेत. मग इथे त्याला विचारणार कोण? आज निदान कागदावर तरी अर्धं दुकान त्याचं होतं, आणि त्याच्या सहीवाचून त्यातला एक खिळा हलत नव्हता.

“मालक,” तो म्हणाला.

“वेडे झालात का?” धाकटी किंचाळली.

“मालक होतो. लिहा.”

बाईनं लिहिलं. अंगठा चालेल म्हणाली, पण त्यानं डाव्या हातानं सही केली, वेडीवाकडी, पूर्ण. ती गेली तेव्हा दारातून पुन्हा दोन शिंका ऐकू आल्या, आणि दादानं तो दुसरा कागद चार तुकडे करून कचऱ्याच्या डब्यात टाकला.

*

आधी फुटली ती आक्का. “लाज वाटत नाही तुला?” ती दादावर धावून गेली. “मला बोलावलंस ते माझ्या तोंडून हे पाप करवून घ्यायला? त्याला कामगार करायला निघाला होतास, आणि स्वतःचा विमा काढून बसला होतास!”

“मला आठवत नव्हतं गं! कागद सगळे हीच बघते.”

वहिनीनं त्याच्याकडे असं बघितलं, की त्यानं मान खाली घातली. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यानं तिला असं एकटीला पुढे केलं नव्हतं.

“हो, मीच बघते,” ती म्हणाली. “मीच खूण केली. आणि का केली तेही सांगते. चौदा! शंभराला चौदा! तुम्ही सगळे मला कैदाशीण ठरवा, पण त्या साली ते चौदा भरले असते तर हे दुकान राहिलं नसतं. कुणाला भाग द्यायला भागच राहिला नसता. परवडत नव्हतं, भावजी. खरंच परवडत नव्हतं.”

“पहिल्या वर्षी,” टेस्टर म्हणाला. “आणि नवव्या वर्षी?”

तीन वर्षांनी दर पुन्हा खाली आला होता. तेव्हा तिनं नवी गाडी घेतली होती, दुकानाची, जुनी फार खर्च काढायची म्हणून.

“मला सांगितलं असतंस,” तो म्हणाला, “की टेस्टर, तुझा विमा नाही, जपून चढ. तर मी काय भांडलो असतो तुझ्याशी? माझ्या पैशानं काढला असता. नाहीतर चढलो नसतो. तुम्ही मला उघड्या तारेसमोर उभं केलंत, आणि करंट आहे हे तुम्हाला ठाऊक होतं.”

दादा रडायला लागला. छपन्न वर्षांचा गडी, कोपरं टेबलावर टेकून रडला. कुणी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. आक्कानंसुद्धा नाही.

टेस्टरनं त्याला पुरतं रडू दिलं. मग म्हणाला, “शुक्रवारी विमा संपतो ना, वहिनी? नवा अर्ज आणलायस?”

“आहे,” ती पुटपुटली. “तुमची सही लागेल.”

“लागेल. तीच ठेवली मी आज. काढ.”

तिनं कोरा अर्ज काढून टेबलावर ठेवला. सहीवाचून विमा नाही, विम्यावाचून सर्टिफिकेट नाही, आणि शनिवारपासून प्रत्येक गेट बंद. हे खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं.

“आता ऐका,” तो म्हणाला. “चालू पॅनेलवर लायसन्सवालाच लागतो. लायसन्स दोघांना. माझ्या हातात आता पक्कड बसत नाही. म्हणजे सोमवारपासून पॅनेलवर दादा. मी इथे, या टेबलावर. फोन घेईन, भाव देईन.”

“त्यांचे गुडघे...” वहिनीच्या तोंडून निघून गेलं.

“माहितीय. शिडी धरायला माणूस देऊ. आणि भागीतला नफा निम्मा निम्मा, माझा वाटा महिन्याच्या महिन्याला माझ्या हिच्या हातात. माझं ऑपरेशन त्यातून होईल. होईल तेव्हा होईल.”

“चढतो मी,” दादा डोळे पुसत म्हणाला. “चढतो रे. माझी ना नाही.”

धाकटी नवऱ्याकडे बघत होती. एवढी वर्षं तिनं त्याला मालक व्हायला सांगितलं होतं. झाला होता तो, पण तिला त्याच्या तोंडाकडे बघवेना.

“भर वहिनी,” टेस्टर म्हणाला. “तुझं अक्षर चांगलं.”

ती बसली. नाव, पत्ता, कामगार चार, मदतनीस दोन. पेन सराईतपणे चालत होतं. मग मालकांचा रकाना आला आणि पेन थांबलं.

“माझ्यापुढे ‘हो’ कर,” तो म्हणाला. “मी आता ऑफिसात बसणार. मी स्वस्त.”

तिनं केलं.

“आता दादाचं. काम काय ते खरं लिही. चालू पॅनेल, उंचीवरचं. पुढे ‘हो’ की ‘नाही’, ते तू ठरव. मी काही म्हणणार नाही. तू लिहिशील त्यावर सही करीन.”

दरपत्रक तिच्या कोपराशीच होतं, पिवळ्या पुठ्ठ्याचं, कोपरे झिजलेलं. नऊ वर्षांत ते बघितल्याशिवाय तिनं या रकान्यात कधी पेन टेकवलं नव्हतं. वहिनीनं नवऱ्याकडे बघितलं, त्याच्या गुडघ्यांकडे बघितलं, आणि झटकन ‘हो’वर खूण केली. दोनदा गिरवली.

टेस्टरनं अर्ज आपल्याकडे ओढला. डाव्या हातानं सही करायला त्याला बराच वेळ लागला. सही झाल्यावर त्यानं पेन खाली ठेवलं.

“दर बघितला नाहीस, वहिनी,” तो म्हणाला.